कोडिंगसाठी कीबोर्डचा लेआउट बदलावा का?

जळगावकर_पोऱ्या: राम राम मंडळी. दिवसभर पायथन लिहितो, करंगळी पार कामातून गेली भो, कंट्रोल कोपऱ्यात आणि अंडरस्कोर, गोल कंस सगळे शिफ्टवर. सरळ ड्वोरॅक (अक्षरांच्या जागा बदललेला कीबोर्ड लेआउट) शिकून घेऊ का? मराठी इन्स्क्रिप्टमध्ये टाईप करतो ते बिघडेल का?

तापीकाठ: ड्वोरॅकच्या नादी लागू नको भो. १९३६ चं पेटंट त्याचं, इंग्रजी मजकुरासाठी बनवलेला, आणि कॉपी-पेस्टचे सी-व्ही पण जागा सोडतात. कोलमॅक नावाच्या दुसऱ्या लेआउटमध्ये झेड एक्स सी व्ही तिथंच राहतात, पण तुला तेवढं पण नको. आधी कॅप्स लॉकला कंट्रोल कर, विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉईज सॉफ्टवेअरमधल्या कीबोर्ड मॅनेजरनं होतं. इन्स्क्रिप्ट वेगळा लेआउट आहे, त्याला काही होत नाही.

भुसावळ_लोकल: +१. माझा कॅप्स नुसता टॅप केला की एस्केप, दाबून धरला की एच जे के एल म्हणजे बाण, हात उचलावाच लागत नाही. फक्त दुसऱ्याच्या मशीनवर बसलो की सगळा कोड कॅपिटलमध्ये बोंबलतो 😄

जळगावकर_पोऱ्या: हे टॅपवालं पॉवरटॉईजमध्ये सापडेना?

भुसावळ_लोकल: त्यात नाहीच ते. कनाता नावाचं बटणं बदलायचं सॉफ्टवेअर टाक, फुकट आहे, लिनक्सवर पण तीच सेटिंगची फाईल चालते.