वडिलांच्या स्मरणार्थ महाविद्यालयीन शिष्यवृत्ती: महाविद्यालयात ठेव ठेवावी की स्वतंत्र न्यास काढावा?

प्रश्न: कोरेगाव, जि. सातारा

आमचे वडील जावळी आणि कोरेगाव तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत प्राथमिक शिक्षक होते. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते सुट्टीतही घरी बोलावून शिकवत आणि त्यांच्यातले कोण पुढे साताऱ्याला कॉलेजात गेले, कोणाचे शिक्षण सुटले, याची विचारपूस अखेरपर्यंत करीत. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावाने साताऱ्यात शिकायला येणाऱ्या ग्रामीण मुलामुलींसाठी कायमची शिष्यवृत्ती सुरू करावी, असे आम्ही तिघा भावंडांनी आईच्या संमतीने ठरवले आहे. तिघांचे मिळून पाच लाख रुपये जमतात.

ही रक्कम महाविद्यालयाकडे सोपवावी की कुटुंबाचा स्वतंत्र न्यास नोंदवावा, हा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न निवडीचा. बारावीला सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला शिष्यवृत्ती द्यावी, असे थोरल्या भावाचे म्हणणे आहे, तर ज्या घरात पैशाअभावी शिक्षण थांबण्याची भीती आहे त्या घरातल्या मुलाला ती मिळावी, असे मला वाटते. ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: निवृत्त कार्यालय अधीक्षक, कराड

ताई, आपला संकल्प वाचून फार समाधान वाटले. महाविद्यालयाच्या कार्यालयात अशा देणगी ठेवींचे काम मी दीर्घकाळ पाहिले, त्या आधारे लिहितो.

पाच लाखांसाठी स्वतंत्र न्यास काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे न्यासाची नोंदणी सहायक धर्मादाय आयुक्तांकडे करावी लागते, दरवर्षी ३१ मार्चअखेरचे हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. एवढ्या लहान निधीच्या व्याजातील मोठा वाटा या कामांतच खर्ची पडेल, आणि पुढच्या पिढीतले कोणी साताऱ्यात राहिले नाही तर न्यास कागदावर उरेल. त्यापेक्षा एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयात कायम ठेव म्हणून रक्कम द्यावी. मात्र देणगीपत्रात मूळ रक्कम कधीही मोडायची नाही, ती राष्ट्रीयीकृत बँकेतच मुदत ठेवीत ठेवायची आणि केवळ व्याज वाटायचे, हे शब्द असायलाच हवेत. ठेवीच्या पावतीची प्रत आणि लाभार्थ्यांची यादी दरवर्षी कुटुंबाला पाठवावी, ही अटही घालावी.

रकमेचा हिशेब असा मांडता येईल. सात टक्के दर धरला तर पाच लाखांचे वर्षाला ३५,००० रुपये व्याज येते. ते सगळे वाटले तर ठेव आहे तेवढीच राहते आणि महागाई वाढत जाते, त्यामुळे आज ज्या रकमेत मुलाचे सहा महिने निघतात त्यात पुढे दोनही निघत नाहीत. अनेक जुन्या स्मृती पारितोषिकांची हीच गत झालेली आहे. देणारांनी त्या काळात भरघोस वाटणारी रक्कम ठेवली होती, तिच्या व्याजात आज एक वहीसुद्धा येत नाही. म्हणून २८,००० वाटून ७,००० पुन्हा ठेवीत मिळवण्याचे कलम घालावे. दर घसरल्यास वाटपाची रक्कम त्या प्रमाणात कमी करावी, पण ठेवीत भर घालणे थांबवू नये.

आता गुण की गरज. गुणानुक्रमे पहिल्या येणाऱ्याला शाबासकी आणि पारितोषिके मिळतच असतात. शिक्षण सुटते ते बहुधा मधल्या बाकावरच्या मुलाचे, आणि तेही फीमुळेच सुटते असे नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुदानित महाविद्यालयातील कला-विज्ञान शाखेची फी तशीही बेताची असते. खरा खर्च राहण्याचा आणि जेवणाचा आहे. पाटण, जावळी, माण, खटावच्या लांबच्या गावांतून रोज जाणे-येणे जमत नाही, खोलीचे भाडे द्यावे लागते, मेस लावावी लागते. आपल्या निधीने हाच खर्च उचलावा.

या जिल्ह्याला ही गोष्ट नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवायला घेतले, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न या मुलांच्या दोन वेळच्या भाकरीचाच होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले तेही मुलांच्या पोटासाठी. आपल्या वडिलांच्या नावाने एखाद्या मुलाच्या जेवणाची सोय झाली, तर तीही त्यांच्या कामाला साजेशीच होईल.

उत्तर २: माजी लाभार्थी, मूळ गाव जावळी तालुका, सध्या पुणे

अधीक्षक सरांच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी बी.एस्सी.ला असताना मला एका कुटुंबाच्या स्मृतिनिधीतून मदत मिळाली होती आणि तिच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. पहिल्या वर्षी आई पहाटे भाकरी थापून डबा एसटीच्या पहिल्या गाडीत देत असे आणि मी तो साताऱ्याच्या स्टँडवर उतरवून घेत असे. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली की तो डबा दुपार उलटून गेल्यावर हाती येई, किंवा येतही नसे. पुढे मेस लावली, तेव्हा मेसच्या मावशी जुलैतच दोन महिन्यांचे आगाऊ मागत, आणि शिष्यवृत्तीचा धनादेश मात्र जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर मिळे. मधले सहा महिने आईने उसनवारी करून काढले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की रक्कम जुलै आणि डिसेंबर अशा दोन हप्त्यांत थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा व्हावी. निवड झालेल्या मुलाला त्याच्या घरच्या परिस्थितीचे वर्णन करून सभेत उभे करू नये. गरजू म्हणून आपले नाव सर्वांसमोर वाचले जाईल या संकोचाने आमच्या वर्गातील दोन मुलींनी अर्जच केला नव्हता. आणि एकदा निवड झाली की पदवी पूर्ण होईपर्यंत मदत चालू राहावी. दरवर्षी नव्याने स्पर्धा लावली तर मुलाला पुढच्या वर्षाची खात्री राहत नाही. पूर्ण उत्तीर्ण होण्याऐवजी पुढच्या वर्गात जाण्यास पात्र असणे, एवढीच अट पुरेशी आहे, कारण एखादा विषय राहिला म्हणून जेवण बंद होणे योग्य नाही.

उत्तर ३: कर सल्लागार, सांगली

कराविषयी थोडक्यात लिहितो. संस्थेकडे ८०जी मान्यता असेल आणि आपण जुन्या करप्रणालीत विवरण भरत असाल, तरच देणगीवर सवलत मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. दोन हजारांपेक्षा अधिक रोख देणगीला सवलत लागू होत नाही, म्हणून रक्कम बँकेमार्फतच द्यावी.

पात्रतेत एका विशिष्ट जातीची अट घालण्याचा आग्रह काही कुटुंबे धरतात. केवळ एका जातीच्या वा धार्मिक समुदायाच्या हितासाठी काढलेल्या न्यासाच्या करसवलतीला बाधा येते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्यासाठीच्या न्यासांना मात्र हा अडसर नाही. तालुक्याची किंवा ग्रामीण भागाची अट ठेवल्यास अडचण येऊ नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: कोरेगाव

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. ही उत्तरे मी घरी वाचून दाखवली. डब्याची हकीकत ऐकल्यावर आईने वडिलांच्या बदलीच्या गावांतील अशाच मुलांची आठवण सांगितली आणि थोरल्या भावानेही गुणांचा आग्रह सोडला. दोन विद्यार्थी निवडून प्रत्येकी वर्षाला १४,००० रुपये, दोन हप्त्यांत आणि पदवी पूर्ण होईपर्यंत द्यावेत, असे ठरले आहे. दोन शंका उरतात. गरज कोणी आणि कशावरून ठरवायची? आणि तिघांनी स्वतंत्र रक्कम भरली तर ठेव एकच होईल का?

उत्तर १, पुन्हा: कराड

ताई, ठेव एकच करता येते. देणगीच्या पावत्या मात्र तिघांच्या नावे स्वतंत्र घ्याव्यात, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या विवरणात त्या दाखवता येतील. निवडीसाठी प्राचार्य, एक प्राध्यापिका आणि वसतिगृहाचे अधीक्षक अशी तिघांची समिती पुरे. कुटुंबातील कोणी समितीत नसावे, कारण गावाकडून शिफारशी यायला लागल्या की नाही म्हणणे आपल्याला जड जाईल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागावा, पण तेवढ्यावर निर्णय करू नये. शेतमजुरी करणाऱ्या आईचे आणि दहा एकर बागाईत असणाऱ्याचे दाखल्यावरचे उत्पन्न कधी कधी सारखेच दिसते. मुलगा कोठे राहतो, जेवणाची काय व्यवस्था आहे, घरात कमावते कोण आहे, हे वर्गशिक्षकांनी एकांतात विचारून समितीला कळवावे. प्रवेश जूनअखेर होतात, तेव्हा देणगीपत्राचा मसुदा एप्रिलमध्येच प्राचार्यांना दाखवावा. संस्थेच्या मुख्य कार्यालयाची मंजुरी यायला वेळ लागतो आणि पहिला हप्ता जुलैत जमा व्हायचा असेल तर तेवढी सवड हवीच.