जुना तीन फुटी फिशटँक घेतला, खालून गळतोय, काय करू?

तापीकाठ_जळगाव
नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी भुसावळहून वापरलेला फिशटँक आणला, ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच, काच ६ एमएम, लोखंडी स्टँडसकट १२०० रुपयात. देणाऱ्याची बदली झालेली, टँक वर्षभर गच्चीवर कोरडाच पडून होता पण तो म्हणे एकदम ओके आहे आणि मीपण घाईत, पाणी भरून बघितलंच नाही (हो माहितीये, घाला शिव्या). हॉलमध्ये लावला, रात्री काठोकाठ भरला, सकाळी उठून बघतो तर सतरंजी ओली आणि मागच्या डाव्या कोपऱ्याखालून थेंब थेंब चालू. बाहेरून एमसील लावलं, परत चालू. मग बाहेरूनच सिलिकॉन फासलं तर आता उजव्या कोपऱ्यातूनपण पाणी दिसतंय. बायको म्हणते मासे नंतर आण, आधी फरशी पूस. तेवढा कोपरा आतून केला तर भागेल का सगळंच खरवडावं लागेल? आणि सिलिकॉन कोणतं घ्यायचं, हार्डवेअरवाल्याने चार प्रकार दाखवले.

काचकाम_अमळनेर
भाऊ बाहेरून कितीही थापा, उपयोग नाही. पाणी आतून ढकलतं, त्याने बाहेरचा थर सुटतो, आतला उलट काचेवर दाबून बसतो. तुमच्या टँकमध्ये साडेचार घनफूट म्हणजे १२७ लिटर पाणी, नुसतं पाणीच सव्वाशे किलोच्या वर, त्याच्यापुढे एमसील काय करणार बिचारं. आणि उजवा कोपरा फुटलाच असेल असं नाही, पाणी शिरतं एकीकडे आणि तळकाचेच्या कडेकडेने चालत जाऊन निघतं भलतीकडेच.

कोपऱ्यापुरतं करू नका. नवं सिलिकॉन सुकलेल्या जुन्या सिलिकॉनला धरत नाही, स्वच्छ काचेला धरतं, म्हणून आतली सगळी पट्टी काढा, तळाच्या चार बाजू आणि चार उभे कोपरे. फक्त दोन काचांच्या मधल्या सांध्यात ब्लेड घालू नका, टँक त्याच्यावरच उभा आहे. तो सांधाच सुटला असेल तर पूर्ण खोलून जोडावा लागेल. खरवडून झालं की ॲसिटोनने पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब. सिलिकॉन साधं, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते. बाथरूमचं अँटीफंगल लिहिलेलं असतं ते फुकट दिलं तरी नको, त्यातलं औषध माशांना बाधतं.

भो_धुळेकर
मन्हाकडे बी असंच व्हयनं भो 😅 मी तर दोनदा फसलोय त्यामुळे आता जुना टँक बघायला गेलो की आधी खालच्या सांध्यांवर बाहेरून बोट फिरवतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, जिथे पाझरलं तिथे वाळून पांढरा क्षार बसतो. तो दिसला की समजायचं हा आधी गळलेला आहे, मालक काहीका सांगेना. दुसरं म्हणजे नखाने सिलिकॉनची कड उचलून बघायची, सहज सोलली गेली तर काम निघालंच. आणि काचेला तडा असेल तर हात लावू नका, सिलिकॉनने तडा थांबत नाही, काचच बदलावी लागते.

अजून एक, मे महिन्यात भर दुपारी हे काम करू नका. मी केलं होतं, धुळ्याचं ऊन, बोटाने पट्टी सारखी करेपर्यंत वर साय धरली आणि सगळं चिंध्यासारखं ओढलं गेलं. सकाळी लवकर बसा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून घ्या, एकेक कोपरा भरा, बोट फिरवा आणि ओलं असतानाच चिकटपट्टी ओढून टाका. कूलर समोर चालू ठेवू नका, धूळ बसते.

तापीकाठ_जळगाव
काल खरवडायला बसलो, अहो एकावर एक तीन थर निघाले! म्हणजे याआधी दोनदा कोणीतरी वरून लेप दिलेला. आणि मागच्या खालच्या सांध्याला बाहेरून क्षाराची चांगली टीचभर रेघ, एमसीलखाली मीच झाकून टाकली होती. ओके आहे म्हणे. असो, काच सगळी शाबूत आहे, मधला सांधापण घट्ट वाटतोय. चार ब्लेड गेले आणि एक बोट कापलं. आज सकाळी सहाला बसून नवी पट्टी मारली. २४ तासांनी पाणी भरू का?

काचकाम_अमळनेर
घाई नको भाऊ, एवढे तीन थर तुमच्यासारख्याच घाईतून झालेत. वरून सुकलं तरी आत ओलं असतं, जाड पट्टीला आठवडा द्या. नाक घालून बघा, आंबट वास पूर्ण गेला का. मग अंगणात सपाट जागेवर खाली थर्माकोल टाकून ठेवा, हॉलमध्ये नाही! पाव भरा, एक दिवस थांबा, मग अर्धा, मग पाऊण. आणि स्टँड लेव्हलला आहे का तेपण बघा, एक पाय अधांतरी असला की काचेला पीळ बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

तापीकाठ_जळगाव
नऊ दिवसांनी अपडेट. अंगणात थर्माकोलवर केळीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला, ओलं झालं की लगेच डाग दिसतो. परवा पाव भरला, काल अर्धा. रात्री दोनदा टॉर्च घेऊन बघून आलो, शेजारच्या काकांना वाटलं चोर आला. पुठ्ठा अजून कोरडा आहे. संध्याकाळी पाऊण भरतो, सांगतो काय होतं ते.