‘पेट्रोलच तसं येतंय साहेब’: जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलं की ई-२० ला झोडपायचं, हे कितपत खरं?

वडगावकर (धागाकर्ता), ९ नोव्हेंबर २०२५

परवा गाडी गॅरेजला नेली. २०१४ ची एक लिटर पेट्रोल हॅचबॅक, ९१ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही; दिलं की पुढचे चाळीस प्रतिसाद कंपनीवर पडतात आणि गाडी राहते बाजूला. रोजचं जाणं पुण्यात धायरी ते डेक्कन आणि परत. साडेसोळाचं ॲव्हरेज द्यायची, आता साडेबारासुद्धा देईना. मेस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. कापडाला हात पुसत म्हणाले, "साहेब, सगळ्यांचीच बोंब आहे. पेट्रोलच तसं येतंय."

माझं म्हणणं असं की ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ही गॅरेजवाल्यांची सोय होऊन बसली आहे. दवाखान्यात ‘व्हायरल आहे’ म्हणून सोडून देतात तसं. साधा हिशोब करू. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, लिटरभर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे १० टक्के मिश्रणात सुमारे ३०.९ आणि २० टक्के मिश्रणात २९.८. फरक साडेतीन टक्के. माझ्या साडेसोळातून साडेतीन टक्के गेले तर उरतात १५.९. माझे गेलेत २५ टक्के! बाकीचे कोणी खाल्ले?

महिन्याला सातशे किलोमीटर धरले तर चौदा लिटर जास्तीचे जाळतोय. १०४ च्या भावाने साडेचौदाशे रुपये. इथे लोकांना काय वाटतं ते वाचायचंय.

मीटर_खोटं_बोलत_नाही, ९ नोव्हेंबर

हिशोब कागदावर छान आहे, पण अर्धवट. तुमची गाडी १० टक्के इथेनॉलच्या हिशोबाने तरी बनली होती का? २०१४ मध्ये पंपावर बऱ्याचदा नुसतं पेट्रोलच असायचं. तिथून मोजा, ७ टक्के होतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नुसत्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांवर ट्यून केलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिलेली आहे. मी नाही, त्यांनीच. त्याच अहवालात असंही आहे की ऊर्जा कमी म्हणून असं इंधन ग्राहकाला स्वस्त मिळावं. मिळतंय का स्वस्त? मेस्त्री बिचारा खरं बोलला, तर त्याच्यावर धागा!

वडगावकर, ९ नोव्हेंबर

७ धरा. साडेसोळाचे १५.३ होतील. साडेबारा कसे होतील ते सांगा.

टाकीफुल्ल, १० नोव्हेंबर

दोघंही थांबा. साडेबारा काढलं कसं? पाचशेचं पेट्रोल टाकून काटा परत खाली येईपर्यंत? तसं असेल तर हा आकडा चहाच्या टपरीवर सांगायच्या लायकीचा आहे, धाग्यावर नाही. एकाच पंपावर, त्याच नोझलला, ऑटो कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान तीनशे किलोमीटर चालवा, परत तिथेच ऑटो कट. त्या मुलाला ‘राउंड फिगर’ करू देऊ नका. गाडी किंचित तिरकी उभी राहिली तरी दीड-दोन लिटरचा घोळ होतो. आणि जुनं साडेसोळा कुठल्या महिन्यातलं? डिसेंबरातलं एसी बंदचं असेल तर त्याची तुलना मे महिन्याशी होत नाही.

वडगावकर, १० नोव्हेंबर

चोरी पकडलीत. पाचशेचं पेट्रोल आणि काटा, हेच. साडेसोळा मात्र पक्कं आहे, २०२२-२३ ची वर्षभराची वही आहे (बायको हसते, पण आहे). टाकी फुल करून परत येतो.

साखरपट्टा, १० नोव्हेंबर

शिरोळहून लिहितोय. ऊसवाला म्हणून दोन शब्द. इथेनॉलचे पैसे यायला लागल्यापासून कारखान्यांची बिलं आधीपेक्षा बरी निघतात. शहरात बसून इथेनॉलला शिव्या घालणं सोपं आहे.

मीटर_खोटं_बोलत_नाही, १० नोव्हेंबर

दादा, उसाला शिव्या कोणी घातल्या? डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करायला सरकारनेच लगाम घातला होता, तेव्हा मिश्रण थांबलं नाही. आता त्यात मक्याचा वाटा मोठा आहे. तुमच्या बिलाचा प्रश्न वेगळा, माझ्या टाकीचा वेगळा.

साखरपट्टा, ११ नोव्हेंबर

रसावरची बंदी आमच्या पोटावर कशी आली ते आम्हाला माहीत. पण हे खरं की धागा ॲव्हरेजचा आहे. थांबतो.

रत्नांग्रीचा_गडी, ११ नोव्हेंबर

ऊस, मका ठेवा बाजूला. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ब्रेक फार न मारता गाडी थांबवा आणि चारही रिम्सजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, भाजेल. एकच रिम इतरांपेक्षा तापलेली असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय. आमच्याकडे खाऱ्या हवेने कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात, पॅड मागे सरकतच नाही. मी वर्षभर ब्रेक दाबून गाडी चालवली असंच म्हणा. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं तेव्हा कळलं, अर्ध्या फेरीत थांबायचं. पिना साफ करून ग्रीस लावलं, दोन किलोमीटरचा फरक पडला. तेव्हा पेट्रोल जुनंच होतं हो.

तसंच_चालू_द्या, ११ नोव्हेंबर

अकरा वर्षांची गाडी. विका आणि सीएनजी घ्या. पाचशे प्रतिसादांचं काम एका वाक्यात.

वडगावकर, ११ नोव्हेंबर

साडेचौदाशे वाचवायला महिना बारा हजारांचा हप्ता. बरं.

वडगावकर, २३ नोव्हेंबर

टाकी ते टाकी: ४०६ किलोमीटर, ३१ लिटर. १३.१. म्हणजे २५ नाही, २० टक्के घट. टाकीफुल्ल यांना नमस्कार. रिम्स चारही सारख्याच कोमट. टायरमध्ये हवा मात्र मागच्या दोन्हीत २४ निघाली, ३० हवी. लाज वाटली. भरली.

मीटर_खोटं_बोलत_नाही, २३ नोव्हेंबर

बघा, नुसतं मोजल्यावर ५ टक्के गळाले. अजून थोडे गळतील आणि शेवटी ई-२० उरेल.

एअर फिल्टर बदला असा सल्ला येण्याआधीच सांगतो: इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तुंबलेल्या फिल्टरने ओढ कमी होते, ॲव्हरेज फारसं पडत नाही. आत हवा कमी गेली की इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोलही कमी सोडतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला सल्ला आहे तो.

ओबीडीवाला, २४ नोव्हेंबर

ॲव्हरेज तेरावर का आलं याला टायरमधली हवा आणि इथेनॉल दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. वडगावकर, स्टिअरिंगखाली ओबीडीचं पोर्ट (इसीयूचे आकडे वाचायचं सॉकेट) असेल. पाच-सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, मोबाइलवर ॲप टाका. तीन गोष्टी बघा. कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय ते. आणि फ्युएल सिस्टीमपुढे ओपन लूप (इसीयू ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल सोडतो) लिहिलंय की क्लोज्ड लूप (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून सोडतो). सकाळी गार इंजिनापासून डेक्कनपर्यंत बघा. बघायला शेजारी कोणीतरी बसवा, स्वतः चालवताना नको.

वडगावकर, २७ नोव्हेंबर

मुलीला शेजारी बसवून वाचायला लावलं. निघताना कूलंट १९ अंश. राजाराम पुलाशी ५२. डेक्कनला पार्किंगमध्ये ६७. जवळजवळ अर्धा रस्ता ओपन लूप, मग क्लोज्ड. लाँग टर्म ट्रिम अधिक ५ टक्के, फारसं हललं नाही. यातून काय कळतं?

मीटर_खोटं_बोलत_नाही, २७ नोव्हेंबर

अधिक ५! खटला संपला. पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के इथेनॉल आलं की ऑक्सिजन सेन्सर ओरडतो ‘मिश्रण पातळ झालं’ आणि इसीयू पेट्रोल वाढवतो. दहावरून विसावर गेलं की चार-पाच टक्के वाढवावं लागतं. तुमच्या स्क्रीनवर इथेनॉलची सही आहे.

ओबीडीवाला, २७ नोव्हेंबर

सही आहे, कबूल. पाच टक्क्यांच्या चेकवर आहे. (व्हॅक्यूमचा पाइप चिरला तरी अधिक ५ येतं, पण ते सोडा.) तुम्ही वरची ओळ वाचलीच नाही. डेक्कनला ६७ अंश! नऊ-दहा किलोमीटर, तेही सिंहगड रोडच्या गर्दीतून, आणि इंजिन अजून गारच? सहा-सात मिनिटांत ऐंशीच्या वर जायला हवं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व, उघडा अडकलाय. किंवा तिथे नाहीच. इसीयू बिचारा गाडी गारठली आहे समजून जास्तीचं पेट्रोल पाजतोय. ओपन लूपमध्ये तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतही नाही. तुमच्या गाडीत तापमानाचा काटा आहे का?

वडगावकर, २७ नोव्हेंबर

काटा नाही. फक्त तापली की लाल दिवा लागतो. गार राहिली तर गाडी काही बोलतच नाही.

ओबीडीवाला, २७ नोव्हेंबर

हीटर लावून बघा. अर्ध्या तासानेही कोमटच हवा आली तर समजा. आणि आठवा, मागच्या वर्षभरात कधी गाडी तापली होती?

वडगावकर, २८ नोव्हेंबर

अरे देवा. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तापली होती. वाफ, लाल दिवा, लग्नाला उशीर. घाट उतरून रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये रेडिएटरचा पाइप बदलला, कूलंट भरलं, तासाभरात निघालो. हीटर पुण्यात लावतो कोण? काल लावला. लोकरीची शाल बरी इतकी कोमट हवा.

घाटमाथा, २८ नोव्हेंबर

व्हॉल्व काढून टाकला असणार. वीस वर्षं गॅरेज चालवतोय, माझ्याकडून खुलासा. गाडी तापली म्हणून कोणी आलं की थर्मोस्टॅट काढायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. गिऱ्हाईक प्रवासात असतं, तो पार्ट तिथे मिळत नाही, गाडी परत तापून आली तर शिव्या आपल्याला. काढला की गाडी तापत नाही, गिऱ्हाईक खूश. सहा महिन्यांनी ॲव्हरेज पडतं तेव्हा तो मेस्त्री आठवत नाही. मीही काढलेत. दहा वर्षं झाली, सोडलं. पण धाग्याचं शीर्षक मला खटकलं. दिवसाला आठ गाड्या ॲव्हरेजसाठी येतात, त्यातल्या बऱ्याचशांना खरंच पेट्रोलचाच थोडा फरक असतो. प्रत्येकाची गाडी उघडून दोन तास घालवले तर ते पैसे कोण देतं? ‘काही निघालं नाही, चारशे रुपये द्या’ म्हटलं की भांडण.

वडगावकर, २८ नोव्हेंबर

हे मला आधी सुचलं नव्हतं. तपासणीचे पैसे द्यायला मी तरी तयार झालो असतो का, सांगता येत नाही. पण बॉनेट तरी उघडायचं.

घाटमाथा, २८ नोव्हेंबर

ते मान्य.

वडगावकर, १८ जानेवारी २०२६

दुसऱ्या गॅरेजला गेलो, समोर उभं राहून थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडायला लावलं. आत काही नाही. रिकामं भोक आणि कडेला वाळलेली लाल सिलिकॉन पेस्ट, बोटाने थापलेली. नवीन थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट, मजुरी मिळून अठराशे. आता महापालिकेची कमान यायच्या आत ८० पार. दोन टाक्या मोजल्या: १५.३.

मीटर_खोटं_बोलत_नाही, १८ जानेवारी

१५.३! माझं ९ नोव्हेंबरचं गणित वर जाऊन वाचा. साडेसोळातून ७ टक्के. पेढे कुठे पाठवू?

टाकीफुल्ल, १८ जानेवारी

पेढे थांबवा. वडगावकर, २०२२-२३ च्या वहीनंतर टायर बदललेत का? कुठल्या मापाचे?

वडगावकर, १९ जानेवारी

२०२४ च्या दिवाळीत बदलले. दुकानदार म्हणाला थोडे रुंद घ्या, ग्रिप येते. खाली जाऊन बघून आलो. दारावरच्या स्टिकरवर १५५/६५ आर १४. टायरवर १६५/६५ आर १४.

टाकीफुल्ल, १९ जानेवारी

व्यास ५५७ वरून ५७० मिलिमीटर. चाकाच्या प्रत्येक फेरीत गाडी २.३ टक्के जास्त जाते आणि मीटरला ते माहीत नाही. तुमचं १५.३ म्हणजे खरं १५.६५.

मीटर_खोटं_बोलत_नाही, १९ जानेवारी

माझ्या नावाची अशी चेष्टा होईल वाटलं नव्हतं. तरी ५ टक्के माझेच उरले. ते कमी करून दाखवा.