सहकुटुंब मुक्काम: आधी खोली की आधी पंगत?

जालन्याची सून

दिवाळीची झाडझूड काढलीय. आज माळ्यावरचं मोठं पातेलं उतरवलं तर आत कॅलेंडरचं एक पान निघालं. मागच्या कोऱ्या बाजूला मामंजींचं अक्षर. वाचता वाचता शिडीवरच बसले.

१५-१६ वर्षांमागं भाऊबीज करून आम्ही १७ जण वेरूळ-खुलताबादला गेलो होतो, त्याची ही यादी. पहिली ओळ: "मोठ्या आईला जिना नको." मोठी आई म्हणजे माझ्या आजेसासूबाई, तेव्हा ८४ वर्षांच्या. दुसरी ओळ: "दात नाहीत. भाकरी कुस्करून. एक वेळ वरणफळं." त्याच्या खाली मग खोल्या २, गाद्या १४, ज्वारीचं पीठ ५ किलो, येसर (आमटीसाठी भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ) दीड किलो, तेल, तिखट, पाट १.

खोली या पहिल्या दोन ओळींवरून ठरली. खुलताबादला एकानं चांगलं लॉज सुचवलं होतं, पण वरच्या मजल्यावर. मामंजींनी ते सोडलं आणि ओळखीनं एका जुन्या वाड्यातल्या खालच्या दोन खोल्या घेतल्या. पुढं ओसरी, अंगणात चूल. संडास लांब होता, त्यावरून जाऊबाईंनी जरा कुरकुर केली. पण चूल बघून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पोचलो तो नेमका मंगळवार! वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात हे १७ जणांत एकालाही माहीत नव्हतं. पोरं रडकुंडीला आली. मामंजींनी तिथंच दिवस फिरवला. थकलेली माणसं भद्रा मारुतीला, चढू शकणारे देवगिरीला. निजलेला मारुती बघून माझा लेक, तेव्हा चार वर्षांचा, माझ्या कानात म्हणाला, "आई हळू बोल, उठंल." किल्ल्याच्या दारात सीताफळं घेतली, टोपली दोन मिनिटांत रिकामी.

संध्याकाळी ओसरीवर पंगत बसली. मोठी आई भिंतीला टेकून पाटावर. मामंजींनी तिच्या ताटलीत भाकरी चुरली, वर येसर आमटी ओतली, आणि बोटानं दाबून दाबून एकेक गाठ फोडली. पाच मिनिटं तरी लागली असतील. स्वतःची आमटी तोवर गार. ती जेवली, ताटलीत बोट फिरवलं आणि म्हणाली, "घरच्यावाणी झाली."

दुसऱ्या दिवशी तिला कैलास लेण्याच्या अंगणात नेलं. दगडी हत्तीवर हात ठेवून ती किती तरी वेळ उभी होती.

यंदा मामंजी नाहीत. आत्याबाई ७९ च्या झाल्यात, गुडघे धरलेत, आणि २२ जणांचं ठरवणं माझ्याकडं आलंय. तुमच्या घरी मुक्काम आणि जेवण कसं जमवता? अनुभव लिहा, मला खरंच गरज आहे.

उदगीरचा बापू

आमच्याकडं उलटं आहे वहिनी, लोकच आमच्या गावाला येऊलालेत. पुण्याची दोन कुटुंबं, मुंबईचं एक, सगळे येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला. तवा खोलीचा प्रश्नच नाही, दिवस सगळा शेतात. कडब्याची कोप, पांडवाची पूजा, मग भज्जी (भाज्या-दाण्यांची मिसळीची भाजी), उंडे, आंबील, गव्हाची खीर. आंबील आदल्या रात्रीची पाहिजे, मडक्यातली. गेल्या साली १९ माणूस. पुण्याच्या वहिनीनं भज्जी पयल्यांदा खाल्ली आन् तिसऱ्यांदा वाढून घेतली, आमची आई अजून सांगते सगळ्यांला.

दुपारून पोरांला किल्ल्यात नेलो. १७६० ला मराठ्यांनी निजामाला हरवलं ती लढाई इथलीच. पोरं बुरजावरून खाली यायलाच तयार नाहीत. झोपायला म्हणाल तर घरात सतरंज्या, बायका आत, गडी माळवदावर. डिसेंबर-जानेवारीची थंडी, वाकळा कमी पडल्या. पुढल्या साली शेजाऱ्याच्या वाकळा आधीच सांगून ठेवलोय.

बीडची ताई

मंगळवारचं वाचलं आणि पोटात कालवलं. आम्ही अजिंठ्याला सोमवारी गेलो होतो 😔 सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. कुणी जाणार असेल तर हे दाराला लावून ठेवा.

धाराशिवकर

तुळजापूरला जाणाऱ्यांनी लॉज शोधूच नये असं माझं मत. आमचे पुजारी पिढ्यानपिढ्या ठरलेले. आजोबा ज्यांच्याकडं उतरायचे त्यांच्याच नातवाकडं मी उतरतो. फोन करायचा, माणसं किती ते सांगायचं, बस. खोली, आंघोळीचं पाणी, नैवेद्याची पुरणपोळी सगळं त्यांच्या घरी. मागच्या खेपेला माझ्या सुनेला पहिल्यांदा नेलं. पुजारी काकूंनी तिची ओटी भरली आणि चुलीजवळ बसवून कटाची आमटी कशी पातळ ठेवायची ते दाखवलं. ती माहेरची नागपूरची, तिला हे सगळं नवं. येताना काकूंच्या गळ्यात पडून रडली.

फक्त कोजागिरीच्या आसपास म्हातारी माणसं आणि लेकरं नेऊ नका. लांबून लांबून लोक पायी आलेले असतात, पाय ठेवायला जागा नसते. गर्दी ओसरल्यावर या. येताना नळदुर्ग करा, किल्ल्यातला पाणी महाल बघितल्याशिवाय परत फिरू नका. नर-मादी धबधबे मात्र पावसाळ्यातच.

लेकीची आई, परभणी

कुकर लावून लिहितेय. येसर दीड किलो १७ माणसांना जास्त नाही का होत?

जालन्याची सून

दोन दिवसांचं होतं ताई, आणि मामंजींना उरलेलं चालायचं, कमी पडलेलं नाही. वाड्याच्या मालकिणीला अर्धा किलो देऊन आलो. धाराशिवकर दादा, सुनेचं वाचून डोळे भरले.

नांदेडहून

आमच्या वडिलांचं सांगते. दोन भाऊ, त्यांची मुलंबाळं, अमरावतीच्या आत्या, असे १३ जण दिवाळीत आले. घर दोन खोल्यांचं. वडील म्हणाले, हजूर साहिबच्या यात्री निवासात बघू. खोल्या मिळाल्या, स्वच्छ. जेवण लंगरात. आत्याबाईंना मात्र फुकट जेवायचं कसं तरी वाटायला लागलं, त्या बसेचनात. तिथल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी विचारलं, माताजी, रोटी लाटता येते का? मग काय, आत्या दीड तास रोट्या लाटत बसल्या! पंजाबातून आलेल्या बायकांच्या मांडीला मांडी लावून. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण हातानं दाखवून दाखवून गप्पा चालल्या होत्या. मग डाळ-रोटी पोटभर जेवल्या आणि म्हणाल्या, आता माझा हक्क झाला.

गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथंच देह ठेवून गेले, आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंहांनी बांधवली. हे सगळं लहानपणापासून माहीत असून आम्ही गावातली माणसं एक रात्रसुद्धा तिथं राहिलो नव्हतो. पाहुण्यांमुळं राहिलो. डोक्यावर रुमाल-ओढणी लागते, घरूनच न्या. दसरा, होळी सोडून बघा, तेव्हा गर्दी फार.

गोदाकाठ

आमचा अनुभव वाईट आहे पण सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. पैठणला नाथषष्ठीला गेलो, १४ जण, त्यात माझी आई आणि सहा महिन्यांचा भाचा. तीन खोल्या फोनवरून ठरवलेल्या, आगाऊ पैसे भरलेले. रात्री ११ ला पोचलो तर म्हणे खोल्या दुसऱ्यांना दिल्या, षष्ठीला जास्त भाव मिळतो. पैसेसुद्धा चार महिन्यांनी मिळाले. नाव लिहीत नाही. भाच्याला घेऊन बहीण रस्त्यावर उभी होती ते मी विसरू शकत नाही. शेवटी एका फडावरच्या वारकऱ्यांनी त्यांच्या तंबूत जागा दिली. बायकांना आत घेतलं, स्वतः बाहेर झोपले. सकाळी पिठलं-भाकरी वाढली. ओळख ना पाळख. आईनं त्या माऊलींचे पाय धरले.

तेव्हापासून नियम: जत्रेच्या दिवसांत जायचं तर आदल्या दिवशी घरातला एक माणूस पुढं पाठवायचा. खोलीची किल्ली हातात आली की मग बाकीच्यांनी निघायचं.

बीडची ताई

सहा महिन्यांचं लेकरू आणि रात्री ११. कसे लोक असतात. वारकऱ्यांना नमस्कार.

उदगीरचा बापू

दादा भाचा आता केवढा?

गोदाकाठ

नववीत आहे बापू, पखवाज वाजवतो 🙂

अंबाजोगाईकर

आमच्या योगेश्वरीला कोकणातून पुष्कळ कुटुंबं येतात, त्यांची कुलदेवी ना. आमच्या गल्लीत दरवर्षी एक रत्नागिरीचं कुटुंब उतरतं, आता घरचेच झालेत. पहिल्या वर्षी माझ्या आईनं प्रेमानं काळ्या तिखटातली वांग्याची भाजी केली. त्यांच्या आजीला एका घासात ठसका, पाणी, धावपळ. आई इतकी कावरीबावरी झाली. तेव्हापासून त्यांच्यासाठी एक पातेलं वेगळं, गूळ घालून. त्या आजी येताना आईला आमसुलं आणतात, आई त्यांना शेंगदाण्याची चटणी देते. तर ताई, ज्यांच्याकडं उतराल त्यांना तिखट किती ते आधी सांगा.

मुकुंदराजांची समाधी जरूर करा, दरीतली जागा शांत आहे. परळी तासाभराच्या आत.

लातूरची नात

एक कामाची गोष्ट. एसटीत ७५ च्या वरच्यांना तिकीट नाही, बायकांना अर्धं. आम्ही २० जण लालपरीनं गेलो, तीन आज्या फुकट. आमच्या आज्जीनं कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना पदर सारखा केला, फोटो काढायचा असल्यासारखा. गाडी भाड्यानं करायचे वाचले ते पैसे जेवणावर घातले, आचारी सांगितला.

लेकीची आई, परभणी

आचारी किती घेतो आता?

लातूरची नात

आमच्या ओळखीतला होता ताई, त्यानं फक्त सामान आणि गाडीभाडं घेतलं. त्यावरून सांगता येणार नाही.

मोमीनपुऱ्याचा शेजारी

छत्रपती संभाजीनगर शहरात एक मुक्काम असेल तर नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खाल्ल्याशिवाय जाऊ नका. १३२७ ला मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, त्याच्या फौजेसाठी मोठमोठ्या देगांत हे शिजायचं असं आमच्याकडं सांगतात. आमच्या घरी लग्नात अजून देगच लागते. गेल्या वर्षी माझा कॉलेजचा मित्र आई-वडिलांना घेऊन आला, ते माळकरी. अम्मीनं दोन दिवस आधी नवी पातेली आणली, शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्या हातनं वरण-भात, मेथीची भाजी करून घेतली. एकाच दस्तरखानावर सगळे बसलो. मित्राचे वडील अम्मीला म्हणाले, ताई, एवढा विचार माझ्या बहिणीनंसुद्धा केला नसता.

धाराशिवकर

अम्मींना आमचा नमस्कार सांगा.

हिंगोलीकर

औंढ्याच्या नागनाथाचं कुणीच लिहिलं नाही! मंदिराच्या बाहेरचं कोरीव काम बघायला दोन तास लागतात, बाया तेवढ्या वेळात जेवण करून ठेवतात हे चुकीचं आहे. आमच्या घरी यंदा ठरलंय, सकाळी धपाटे आणि दही बांधून न्यायचं, सगळ्यांनी बघायचं, सगळ्यांनी खायचं. धपाटे दोन दिवस टिकतात.

बीडची ताई

हिंगोलीकर दादा, हे अगदी पटलं. आम्ही बाराही महिने चुलीपुढं, सुट्टीत पण चुलीपुढं. मी वेरूळला तीनदा गेले, कैलास एकदाच धड बघितला.

जालन्याची सून

सगळ्यांचं वाचलं, आत्याबाईंना मोठ्यानं वाचूनसुद्धा दाखवलं. लंगरातल्या आत्या त्यांना फार आवडल्या. बीडच्या ताई, तुमचं वाक्य मनाला लागलं. त्या वर्षी आम्ही तिघी जावा देवगिरीला गेलोच नव्हतो. किल्ल्याचं मघाशी मी जे लिहिलं ते यांच्याकडून ऐकलेलं. यादीत आमचं नाव फक्त भाकऱ्यांपुढं आहे. मामंजींनी सगळ्यांचा विचार केला, एवढं मात्र राहून गेलं.

म्हणून असं ठरवतेय. बुधवारी निघायचं, वेरूळला तळमजल्याच्या खोल्या, उद्याच दिरांना बघायला पाठवते. पहिल्या दिवशी धपाटे, दही, चटणी. रात्री खानावळीत भाकरी-पिठलं आधी सांगून. येसर आमटी एकच वेळ, आणि ती पुरुष मंडळी करतील, येसर तयार असलं की फोडणी द्यायची आणि उकळायचं. देवगिरीला आम्ही तिघी जाणार. आत्याबाईंना घृष्णेश्वर आणि मालोजीराजांच्या गढीचा परिसर, गाडी जवळ जाईल तेवढं.

लेकीची आई, परभणी

छान ठरलं. येसरचं प्रमाण तेवढं लिहा ना, माझं दरवेळी चिकट होतं.

उदगीरचा बापू

आमच्या मंडळीला पण पाहिजे.

जालन्याची सून

गहू दोन वाट्या, ज्वारी एक, हरभऱ्याची डाळ एक. वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही, डाळ लाल होईपर्यंत. धने पाऊण वाटी, जिरं, मिरे, लवंग, दालचिनी, सुंठ, सुकं खोबरं. ताई, चिकट होतं म्हणजे गहू कच्चा राहतोय, तडतडला की अजून दोन मिनिटं ठेवा. आणि पीठ गार पाण्यात कालवूनच आधणात सोडा. मिरे-लवंगा आत्याबाई मुठीनं टाकतात, मोजून सांगता येईना. संध्याकाळी गिरणीत न्यायच्या आधी त्यांची मूठ वाटीत ओतून बघते आणि लिहिते.