पेशंटला दारूबद्दल विचारायचं कसं?

डिचोलीची डॉक्टर:
आमच्या केंद्रात इंटर्न मुलांना दारूच्या सवयीबद्दलची 'ऑडिट' प्रश्नावली शिकवतेय. जागतिक आरोग्य संघटनेची, 10 प्रश्न, 8 किंवा जास्त गुण म्हणजे धोका. कागदावर सोपं आहे. काल एकाने बीपीच्या पेशंटला मान वर न करताच विचारलं, "दारू पीत नाही ना?" तो म्हणाला, "ना." शेजारी बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प उभी. जीव तुटला माझा. तुम्ही कसं शिकवता?

सिस्टर, पेडणे:
बाई, बायकोला आधी बाहेर बसवा. मग जेवण, तंबाखू, झोप विचारता विचारता, "आठवड्यातून किती वेळा होते?" आणि मापं दाखवा. आम्ही टेबलावर ग्लासच ठेवतो. 30 मिली काजूफेणीत साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. हुर्राक, म्हणजे काजूच्याच रसाची कमी कडक दारू, हलका म्हणून लोक धरतच नाहीत, पण 200 मिलीचा ग्लास तसल्या दोन मापांच्या वर जातो. एप्रिल-मेमध्ये, त्याच्या हंगामात, हुर्राकाचं नाव घेऊनच विचारा.

वाळपईकर:
माझ्या बाबांना वर्षानुवर्षं गोळ्या लिहून दिल्या, हा प्रश्न एकदाही कोणी विचारला नाही. विचारला असता तर ते बोलले असते. नक्की.

डिचोलीची डॉक्टर:
सिस्टर, उद्याच ग्लास आणते. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांतला, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या चार बैठकांनीही पिणं सुटलेले लोक होते त्यात. मुलांना तोही वाचायला देते. वाळपईकर, बाबांचं वाचून गलबललं.