तयार वाटण आणि पेस्ट रोजच्या स्वयंपाकात वापरावी का?

प्रश्न : नाशिकच्या सातपूरला सकाळी ७ च्या पाळीला निघण्यापूर्वी मला दोन डबे भरावे लागतात, म्हणून तयार आले-लसूण पेस्ट आणि वाटणाचे पाकीट वापरते, मात्र काळ्या रश्श्याची चव उतरली, असे सासूबाई म्हणतात. काय करावे?

प्रतिसाद १ : ताई, सासूबाईंचे म्हणणे मला पटते. लसूण ठेचताच त्यात अ‍ॅलिसिन, म्हणजे लसणाला उग्र वास देणारे द्रव्य, तयार होते आणि ते हळूहळू विरते. शिवाय बाटलीतील पेस्ट टिकावी म्हणून तिच्यात बहुधा मीठ आणि आम्ल असते, त्यामुळे रश्श्याला किंचित आंबूस झाक येते. मी रविवारी कांदा व सुके खोबरे थेट आचेवर काळपट होईपर्यंत भाजते, पाणी न घालता वाटते आणि बर्फाच्या साच्यात गोठवते. चौघांच्या रश्श्याला चार वड्या पुरतात.

प्रतिसाद २ : गोठवलेला मटार मात्र निःसंकोच घ्यावा. तो उकळत्या पाण्यातून काढून लगेच गोठवतात, त्यामुळे त्याचा रंग आणि गोडी टिकते. टोमॅटो प्युरी कशाला? पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो आपल्या दाराशी येतो.

प्रश्नकर्ती : या रविवारीच वड्या करते, पेस्ट फक्त पराठ्यांपुरती ठेवीन.