परमिट कोणाच्या नावावर?
किचन नव्याने करताना कॅबिनेट आहेत त्याच जागी बदलायची तर परमिट, म्हणजे बांधकामाचा सरकारी परवाना, कशाला, हे ठीकच. पण सिंक हलवलं, भिंत पाडली किंवा नवीन वायरिंग ओढलं की इथे कॅलिफोर्नियात परमिट आलंच. आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ओनर-बिल्डर म्हणून, म्हणजे बांधकामाची जबाबदारी स्वतःवर घेणारे घरमालक म्हणून, तुम्हीच काढा, स्वस्तात पडेल." अशा गोडबोलेपणाला भुलू नका! मग कामगाराला इजा झाली तरी निस्तरायचं तुम्हालाच. परमिट कॉन्ट्रॅक्टरच्याच लायसन्सवर काढायला लावा. आणि त्याला द्यायची आगाऊ रक्कम कायद्याने कराराच्या १० टक्के किंवा १००० डॉलर, यातली कमी असेल तीच.

आमचं फायनल इन्स्पेक्शन, म्हणजे काम संपल्यावरची सरकारी तपासणी, अडलं ते किचनमुळे नाही, बेडरूममुळे. नव्या ओट्याकडे ओझरतं बघून इन्स्पेक्टर थेट वर गेला, छताकडे बोट दाखवून म्हणाला, "स्मोक अलार्म?" काम १००० डॉलरच्या वरचं असेल तर स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म घरात सगळीकडे नियमाप्रमाणे लागतात. घर १९९४ च्या आधीचं असेल तर जास्त पाणी ओढणारे जुने टॉयलेट, शॉवरहेडसुद्धा बदलावे लागतात. हे सगळं आधीच उरका. आम्ही सहा अलार्म आणायला रात्री नऊला धावलो होतो, तेही पोळ्या तव्यावर टाकून.